चित्रपुस्तकात एकच ओळ पुन्हा पुन्हा आली तर मुलं कंटाळत नाहीत का?

कंटाळतात, पण ओळ परत आली म्हणून नाही. तिच्या आजूबाजूचं काहीच हललं नाही म्हणून.

मी कर्नाटकात, बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत पहिलीला शिकवते. तुम्ही लिहिलंय की सोळा पानांच्या पुस्तकात तीच ओळ पाच वेळा आलीय आणि मैत्रीण म्हणते, काढून टाक. काढू नका. मोठी माणसं ‘झालं याचं पालुपद सुरू!’ म्हणून वैतागतात. पण पोरांना पालुपद म्हणजे आपला नंबर आल्यासारखं वाटतं. ती ओळ बाईंनी नाही, त्यांनी म्हणायची असते.

चिऊ-काऊची गोष्ट आठवा. कावळ्याची ‘दार उघड’ ही हाक शब्द न् शब्द तीच. चिऊताईचं उत्तरही ‘थांब, माझ्या बाळाला’ इथपर्यंत तेच, पुढे मात्र कधी आंघोळ, कधी तीट, कधी काजळ. साचा पक्का आणि जागा एकच मोकळी. माझ्या वर्गात एकीने त्या जागेत ‘डबा भरून देते’ घातलं, आणि आता तेच चालतं.

पण आजी गोष्ट सांगताना आवाज बदलते. पुस्तकाला आवाज नसतो, तिथे ते काम चित्राने करायचं. पहिल्यांदा कावळा दारात ऐटीत उभा, मग भिजलेला, मग पायरीवर मुटकुळं करून बसलेला. खाली ओळ तीच. ‘कावळा आता दमला होता’ असं लिहिलंत की चित्राचा घास तुम्हीच खाल्लात.

आता मराठीतली खरी मजा सांगते. वर्गासाठी मी हाताने शिवून एक पुस्तक केलं. भातलावणीत डोक्यावर घेतात त्या इरल्याचं. (हल्ली सगळे प्लॅस्टिकचा कागदच घेतात, पण निम्म्या पोरांच्या घरी माळ्यावर इरलं सापडलं.) पालुपद होतं:

थेंब आला, थेंब आला,
इरल्याखाली कोण आलं?

पान उलटलं की कोंबडी आली. मग बोकड आला. मग वासरू आलं. म्हणजे प्रश्न तोच, पण उत्तराचं क्रियापद दर वेळी वेगळं. आमच्याकडे बऱ्याच मुलांच्या घरी कन्नड बोलतात. कन्नडात कोंबडी, बोकड, वासरू सगळ्यांना एकच ‘बंतु’. त्यामुळे ‘कोंबडी आला’ हे मी रोज ऐकायचे आणि दुरुस्त करून थकायचे. या पुस्तकाच्या चौथ्या-पाचव्या वाचनानंतर पोरंच एकमेकांना दुरुस्त करू लागली. इंग्रजीतून उतरवलेल्या काही पुस्तकांत नेमकं हेच बुजवलेलं असतं. ओळ जशीच्या तशी राहावी म्हणून सगळे प्राणी एकाच लिंगाचे निवडतात. मला तो करंटेपणा वाटतो.

किती वेळा म्हणाल तर तीनदा आल्याशिवाय ओळ मुलांच्या तोंडी बसत नाही, आणि बसल्यावर फार ताणू नये. माझ्या पहिल्या खर्ड्यात आठ वेळा होती. सहाव्या वेळी पोरं पान उलटायला धावली. प्रश्न उजव्या पानाच्या तळाशी ठेवा, उत्तर पलीकडच्या पानावर. ओळ एका दमात म्हणता यावी. छापण्याआधी चार मुलांना वाचून दाखवा आणि तिसऱ्या वेळी ओळीच्या आधी गप्प व्हा. कुणीच बोललं नाही तर ओळ लांब आहे किंवा तिला ठेका नाही.

टुणुक टुणुक, लुटूलुटू असले जोडशब्द मात्र बेताने. पालुपदात एक असला तर गोड. प्रत्येक ओळीत घातलेत तर पालुपद ऐकूच येत नाही. (जोडशब्दांवरून आठवलं, आमची पोरं ‘पुस्तक-बिस्तक’ही म्हणतात आणि कन्नड वळणाने ‘पुस्तक-गिस्तक’ही. मी दोन्ही चालवून घेते.)

शेवटच्या पानावर मी ओळ दिलीच नाही. नुसतं इरलं, अंगणात वाळत टाकलेलं. तरी वर्ग ओरडतोच, ‘कोण आलं?’ आणि मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणतं, ‘ऊन आलं!’