कागद बाहेर गेला तर संशय कोणावर जाईल, हे आधी मोजा

बाकीचे वाचण्याआधी एक विनंती आहे. तुमच्या प्रश्नात शाखेचे नाव, कामाचे वर्ष आणि देयकाची रक्कम अशा तिन्ही गोष्टी आल्या आहेत. त्या आत्ताच काढून टाका. हे तिन्ही तपशील एकत्र वाचणाऱ्या वरिष्ठाला टोपणनावामागची व्यक्ती ओळखायला फोन ऐकावा लागत नाही. म्हणून मीही तुमचा प्रश्न मोघमच मांडतो. ठाणे जिल्ह्यातील एका सार्वजनिक कार्यालयात तुम्ही कंत्राटी पदावर काम करता. न झालेल्या कामांची मोजमापे लिहून देयके काढल्याचे तुम्ही कागदोपत्री पाहिले आहे. आपल्या फोनवर पाळत आहे अशी तुम्हाला शंका आहे, आणि त्या कागदांचे फोटो व्हॉट्सॲपवरून एखाद्या पत्रकाराला पाठवावेत का, असे तुम्ही विचारले आहे.

मी राज्य शासनाच्या सेवेत होतो, शेवटची काही वर्षे जन माहिती अधिकारी होतो, आणि निवृत्तीनंतर ठाण्यात लोकांना माहिती अधिकाराचे अर्ज व अपिले लिहून देतो. त्या अनुभवावरून सांगतो की फोटो पाठवू नका, निदान आत्ता नको. तुम्हाला पाळतीची भीती वाटते. मला त्याहून मोठी भीती वाटते ती त्या कागदापर्यंत किती जणांचा हात पोचत होता या साध्या हिशेबाची.

पाळतीविषयी कायदा काय सांगतो ते थोडक्यात पाहू. १८८५ च्या तार अधिनियमाची जागा आता २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाने घेतली आहे आणि संभाषण ऐकण्याविषयीचे त्याखालचे नियम डिसेंबर २०२४ मध्ये आले. आदेश साधारणपणे केंद्राच्या किंवा राज्याच्या गृह सचिवानेच द्यायचा, तो एका वेळी ६० दिवसांपर्यंत आणि मुदतवाढ धरून १८० दिवसांपर्यंतच चालायचा, आणि पुनर्विलोकन समितीने तो तपासायचा, ही चौकट कायम आहे. १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातून ती उभी राहिली. २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाने एका व्यावसायिकाचा फोन ऐकण्याचे तीन आदेश रद्द केले आणि मिळवलेले ध्वनिमुद्रण नष्ट करायला सांगितले, कारण सार्वजनिक सुरक्षेचा किंवा आणीबाणीचा कोणताही प्रसंग तिथे नव्हता. निकाल चांगला आहे, पण या साऱ्या चौकटीत न्यायाधीशाची आगाऊ परवानगी कुठेच लागत नाही आणि ज्याचा फोन ऐकला त्याला नंतरही ते कळवले जात नाही. शासनच मागते, शासनच मंजुरी देते आणि शासनाचेच सचिव तपासतात. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवल्यानंतरही ही व्यवस्था तशीच राहावी, याचा मला मनापासून संताप येतो.

तरीही एका प्रभागातल्या गटारांच्या देयकांसाठी गृह सचिवाच्या सहीने तुमचा फोन ऐकला जाईल, ही शक्यता मला फार कमी वाटते. धोका दुसरीकडून आहे. तुम्ही काय बोललात ते कोणाला कळले नाही, तरी कोणाला, केव्हा आणि किती वेळा फोन केलात याची यादी पुरेशी असते. ती पोलिसांना तपासासाठी रीतसर मागवता येते आणि बेरीतसर ती विकतही मिळत आली आहे. २०१८ च्या सुरुवातीला ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने कॉल तपशिलांची बेकायदा विक्री करणाऱ्यांना पकडले होते आणि त्यात खाजगी गुप्तहेरही होते. ज्या कंत्राटदाराची देयके अडचणीत येणार आहेत, त्याच्यापाशी पैसा असतो हे विसरू नका. व्हॉट्सॲपवरचा मजकूर मधल्या मध्ये वाचता येत नाही हे खरे आहे, पण तो तुमच्या आणि पत्रकाराच्या फोनमध्ये असतोच, आणि कार्यालयात ‘जरा फोन दाखवा’ असे म्हणणाऱ्या वरिष्ठापुढे कंत्राटी कर्मचारी किती वेळ नाही म्हणू शकेल, हे तुम्ही माझ्याइतकेच जाणता.

आता त्या हिशेबाकडे येतो. २०१७ साली अमेरिकेत रिअॅलिटी विनर या तरुणीने राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचा एक गोपनीय अहवाल वृत्तसंस्थेला टपालाने पाठवला. वृत्तसंस्थेने खातरजमा करण्यासाठी त्याची प्रत सरकारला दाखवली. पानांवर घडीच्या खुणा होत्या, म्हणजे कोणीतरी छापील प्रत हाताने बाहेर नेली होती. तो अहवाल कोणी छापला याची नोंद काढली तेव्हा फक्त सहा नावे निघाली, आणि त्या सहांपैकी एकीच्याच कार्यालयीन संगणकावरून त्या वृत्तसंस्थेशी पूर्वी ई-मेल व्यवहार झालेला होता. शोध तिथेच संपला. तिला ६३ महिन्यांची शिक्षा झाली. जगातली सर्वात बलाढ्य पाळत यंत्रणा जिच्या हाती आहे, त्या संस्थेलासुद्धा तिला शोधायला कोणाचे संभाषण ऐकावे लागले नाही, छपाईची नोंदवही पुरली.

तुमच्या कार्यालयात तीच नोंदवही वेगवेगळ्या रूपांत आहे. मोजमाप पुस्तिका, म्हणजे झालेल्या कामाची मापे लिहायची वही, कनिष्ठ अभियंत्याकडून उपअभियंत्याकडे, तिथून लेखा शाखेकडे जाते आणि प्रत्येक टप्प्यावर तारीख व आद्याक्षरे पडतात. नस्ती म्हणजे फाइल ई-ऑफिस या संगणकीय प्रणालीवर असेल तर ती कोणत्या लॉगिनवरून केव्हा उघडली गेली हेही राहते. फोटोत तर आणखी बरेच काही येते. लेखापालाने पेन्सिलीने केलेली खूण कधी होती आणि कधी खोडली गेली हे शाखेतल्या माणसाला ठाऊक असते. पानाच्या कडेला दिसणारा टेबलाचा सनमायका, टाचणी कोणत्या कोपऱ्याला आहे, वरच्या सहीखाली खालची सही अजून झालेली नाही, एवढ्यावरून तो फोटो कोणत्या दोन दिवसांत आणि कोणाच्या टेबलावर काढला गेला हे सांगणारे जुने शिपाई मी पाहिले आहेत. मूळ कागद किंवा पुस्तिका घरी नेण्याचा विचारही करू नका. मग भ्रष्टाचाराची चर्चा बाजूला पडते आणि चोरीची फिर्याद पुढे येते.

कायदा तुमच्या पाठीशी किती आहे, हे तुम्ही स्पष्ट विचारले आहे. १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम आजही लागू आहे. उलट जागल्यांना, म्हणजे आतला गैरव्यवहार उघड करणाऱ्यांना, संरक्षण देणारा कायदा संसदेने फेब्रुवारी २०१४ मध्ये मंजूर केला, मे महिन्यात राष्ट्रपतींची संमतीही मिळाली, पण तो अमलात आणण्याची अधिसूचना निघालेली नाही. परकीय राजवटीने केलेला गुप्ततेचा कायदा शंभरी ओलांडून चालू राहतो आणि आपल्याच संसदेने केलेला संरक्षणाचा कायदा पुस्तकातच राहतो, यापेक्षा कडवट गोष्ट या विषयात मला दुसरी माहीत नाही.

संरक्षणाचा हा कायदा ज्यांच्यामुळे आला त्या सत्येंद्र दुबे यांची हकीगत प्रत्येक कर्मचाऱ्याने जाणून घ्यावी. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातल्या या अभियंत्याने सुवर्ण चतुष्कोनाच्या कामातील गैरव्यवहाराबद्दल नोव्हेंबर २००२ मध्ये पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिले आणि आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. पत्र नावासकट मंत्रालयात आणि त्यांच्याच प्राधिकरणात फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांचा गोळ्या घालून खून झाला. न्यायालयात तो लुटीच्या प्रयत्नातील खून ठरला. पण नाव त्याआधीच फुटलेले होते आणि ते फोडले होते ज्यांच्याकडे विश्वासाने दिले त्यांनीच, कोणत्याही हेराने नव्हे, रोजच्या टपालाने.

त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने विचारणा केल्यावर २१ एप्रिल २००४ चा केंद्र सरकारचा ठराव आला, ज्याखाली केंद्रीय दक्षता आयोगाकडे ओळख गुप्त ठेवून तक्रार करता येते. बंद लिफाफ्यावर जनहितार्थ प्रकटीकरण असे लिहायचे, लिफाफ्यावर स्वतःचे नाव-पत्ता घालायचा नाही, तो आत द्यायचा, आणि मजकुरातून आपण कोण हे उघड होणार नाही अशी भाषा ठेवायची. निनावी तक्रार घेतली जात नाही. मात्र ही सोय केंद्राच्या आस्थापनांपुरती आहे. तुम्ही रेल्वेत, न्हावा शेवा बंदरात किंवा राष्ट्रीयीकृत बँकेत असता तर मी तुम्हाला हाच मार्ग सांगितला असता. महापालिका, जिल्हा परिषद, सिडको यांसारख्या राज्याच्या अखत्यारीतील संस्थांना तो लागू नाही. राज्यात लोकायुक्त आहेत, १९७१ च्या कायद्यात तक्रारदाराचे नाव जनतेला व वृत्तपत्रांना कळू द्यायचे नाही अशी तरतूदही आहे, पण तपास सुरू करताना तक्रारीची प्रत संबंधित अधिकाऱ्याकडे जाते, आणि तुम्हाला जनतेपासून नव्हे, त्याच अधिकाऱ्यापासून लपायचे आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक समोरासमोर लाच मागितली जात असेल तेव्हा फार उपयोगी ठरतो; जुन्या देयकांच्या बाबतीत तिथेही पहिला प्रश्न कागद कुठून आले हाच येईल.

म्हणून माझा सल्ला असा की तुम्ही कागद बाहेर काढू नका, कागद स्वतःहून बाहेर येतील अशी वाट करा. देयक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिका ही सारी माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली कोणालाही मिळण्याजोगी आहे. कलम २(ञ) खाली कामाची पाहणी करता येते आणि साहित्याचे प्रमाणित नमुनेसुद्धा घेता येतात. अर्ज तुमच्या नावाने किंवा नातेवाइकाच्या नावाने जाऊ नये. कलम ६(२) प्रमाणे अर्जदाराला कारण विचारता येत नाही, पण मी ज्या ज्या शाखांमध्ये बसलो तिथे अर्ज फिरला की पहिले वाक्य ठरलेले असे: ‘याला आतून कोणी सांगितले?’ ज्या अर्जात नेमका देयक क्रमांक आणि तारीख असे, त्यावर ही चर्चा दुपारपर्यंत चाले. ज्यात ‘अमुक आर्थिक वर्षातील अमुक प्रभागातील गटार दुरुस्तीच्या सर्व कामांची यादी’ मागितलेली असे, तो कंटाळून लिपिकाकडे टाकला जाई. तेव्हा अर्ज रुंद ठेवा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत असावा असा नियम आहे, तो इथे तुमच्या सोयीचाच आहे. यादी हाती आली की त्यातील काही कामांचे तपशील दुसऱ्या अर्जाने मागावेत, आणि त्या काही कामांत तुम्हाला ठाऊक असलेले एक असावे.

याहून शांत मार्गही आहे. २०१८ च्या शासन निर्णयाने जिल्हास्तरीय कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यायचे ठरले आहे. प्रभागातील एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या सदस्यांनी आपल्या दारासमोरच्या गटाराचे काम पाहायला मागणे यात कोणाला काही वावगे वाटत नाही. तसेच मुख्य लेखापरीक्षकांच्या अहवालातील आक्षेप मागवा. पुष्कळदा गैरव्यवहाराचा धागा तिथे आधीच लिहिलेला असतो आणि कोणी वाचलेला नसतो.

माहिती नाकारली तर ३० दिवसांत पहिले अपील करावे आणि तिथेही दाद न मिळाल्यास ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे जावे. आपल्यासाठी कोकण खंडपीठ बेलापूरच्या कोकण भवनात आहे. तिथे वेळ लागतो, हे गृहीत धरा. कलम ८(१)(ञ) मधला ‘वैयक्तिक माहिती’चा अपवाद नोव्हेंबर २०२५ पासून फार सैल झाला आहे, कारण त्यातली व्यापक जनहिताची अट विदा (डेटा) संरक्षणाच्या कायद्याने काढून टाकली. कंत्राटदाराचे नाव वैयक्तिक आहे असे उत्तर येऊ शकते. त्याला कलम ८(२) दाखवावे. गुपिते अधिनियम किंवा इतर कोणताही अपवाद असला तरी जनहित मोठे असेल तर माहिती देता येते, हे ते कलम आजही सांगते.

अर्जदार कोण असावा, हा मात्र जबाबदारीचा प्रश्न आहे. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी जमिनींचे व्यवहार उघड करत होते. त्यांनी पोलीस संरक्षण मागितले होते, आणि १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला गेले असता त्यांना ठार मारण्यात आले. तुमच्यावरचा धोका उचलून दुसऱ्या एकट्या माणसाच्या दारात ठेवणे मला मान्य नाही. अर्ज वेगवेगळ्या नागरिकांनी, वेगवेगळ्या कामांबद्दल करावेत, मिळालेली प्रत प्रत्येकाकडे असावी. एकाला गप्प करून जिथे कागद नाहीसे होत नाहीत, तिथे त्या एकाला गप्प करण्यात कोणाला फायदा नसतो. पत्रकाराकडे जायचे ते या प्रमाणित प्रती घेऊन आणि अर्जदारांनी. स्रोताचे नाव न सांगण्याचा पत्रकारितेतला संकेत मोठा आहे, पण कायद्याचे कवच प्रेस कौन्सिलपुढच्या कार्यवाहीपुरतेच आहे, न्यायालयात ते पुरत नाही.

तोवर कार्यालयात तुमच्या वागण्यात काही बदलू देऊ नका. ती नस्ती पुन्हा उघडू नका, त्या विषयावर सहकाऱ्यांशी बोलू नका, आणि तुमच्या टेबलावर आलेल्या चुकीच्या देयकावर तुमची सही लागत असेल तर ‘मोजमापे तपासून सादर करावे’ एवढा शेरा मारून ते परत पाठवा, कारण नंतर चौकशी झाली तर सर्वात आधी अडकतो तो खालचा सही करणारा. कारणे दाखवा नोटीस आलीच तर त्याच दिवशी रागाने उत्तर लिहू नका. नोटीस घेतल्याची तारीख टाका, आरोपाला आधार असलेल्या कागदांच्या प्रती लेखी मागा, मुदतवाढही लेखी मागा आणि पोच घ्या. वकिलाची फी परवडत नसेल तर ठाणे जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ खाली स्त्रिया, औद्योगिक कामगार, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले नागरिक यांना तिथे वकील विनामूल्य मिळतो, तेव्हा तुम्ही यांपैकी एखाद्या गटात बसता का ते पाहा.