लिंबाला चुना घालण्याआधी

सोलापूरकडे लावलेल्या लिंबूच्या रोपाची पानं पिवळी पडली म्हणून चुना घालायचा सल्ला मिळालाय ना? थांबा. तिकडच्या काळ्या जमिनीत चुनखडी बहुधा आधीच भरपूर असते. कोरड्या ढेकळावर थोडं व्हिनेगर टाका. फसफसलं तर चुना आहेच. अशा मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही, मग कोवळी पानं पिवळी होतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. त्यात आणखी चुना घातलात तर झाड जास्तच खंगेल. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीत चुन्याचा उपयोग होतो, पण तिथेही माती तपासूनच.

सध्या एवढं करा:
- चांगलं कुजलेलं शेणखत द्या. चुलीतली राख नको, तीही अल्कधर्मीच.
- वरची माती सुकल्यावरच पाणी द्या, तेही खोडाला न भिडवता. नवशिक्यांची बरीच लिंबं जास्त पाण्यानं जातात.
- पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी अळी दिसली की वेचून काढा.

खोडाला बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप), बहार धरणं (पाणी तोडून झाडाला एकदम फुलं आणणं) हे सगळं पुढे बघू. नवी फूट येत असेल तर रोपात जोर आहे. पुढची पालवी हिरवी येते का ते कळवा.