स्वतः रचलेल्या पियानोच्या तुकड्यावर उपयोगी अभिप्राय कसा मिळवायचा?

तुम्ही लिहिलंय की एकट्या पियानोसाठी साडेतीन मिनिटांची रचना केली आहे, पण घरचे नि मित्र ‘मस्त’ म्हणून मोकळे होतात. शिवाय चार अनोळखी लोकांना ऐकवली आणि कुणी ढापली तर, ही धास्ती.

‘कशी वाटली?’ असं विचारलं की ‘मस्त’च ऐकायला मिळणार. त्याऐवजी जागा दाखवून विचारा: ‘१ मिनिट १० सेकंदांवर डी मायनर या स्केलमधून एकदम बी मेजरमध्ये गेलोय, तो धक्का चालतो की तिथे रचना तुटते?’ पियानो येणारा माणूस यावर दोन ओळी तरी नक्की लिहितो. १८९३ च्या मे महिन्यात साठीला आलेल्या जर्मन संगीतकार ब्राम्सने बी मायनरमधला छोटा इंटरमेझो, म्हणजे पियानोचा लहानसा तुकडा (पुढे ओपस ११९ या संचातला पहिला), आपली पियानोवादक मैत्रीण क्लारा शूमनला पाठवण्याआधी हेच केलं. यात विसंवादी सूर खच्चून भरलेत, तुला ते रुचतील का, असं त्याने पत्रात आधीच विचारून ठेवलं होतं.

ऐकवण्याआधी एक गोष्ट स्वतः तपासा. आपल्याकडे बरेच जण पेटीवरून पियानोकडे येतात आणि ते रचनेत लगेच ऐकू येतं. पेटीवर पट्टी दाबून भाता चालू ठेवला की सूर तसाच उभा राहतो. पियानोत हातोडी तारेवर आपटली की त्या क्षणापासून सूर विरायला लागतो, वरच्या सप्तकात तर फारच झटकन. पेडल त्याला थोडा जास्त वेळ रेंगाळू देतं, वाढवू शकत नाही. म्हणजे उजवा हात चार मात्रा एकाच सुरावर थांबलाय आणि डावा खाली सारखा आर्पेजिओ (कॉर्डचे, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटाचे, सूर एकामागून एक) फिरवतोय, तर तिसऱ्या मात्रेपर्यंत ऐकणाऱ्याला फक्त डावा हात ऐकू येतो. तुम्हाला हे जाणवत नाही, कारण चाल तुमच्या डोक्यात चालूच असते. अशा जागी डावा हात हलका करा, चालीला खालून सप्तकाची जोड द्या किंवा तो लांब सूर मोडून त्यात हालचाल आणा.

डाव्या हाताचंच आणखी एक. मिडल सीच्या (कीबोर्डच्या मधल्या सीच्या) दोन सप्तकं खालचे सी-ई-जी एकत्र दाबून बघा, नुसती गुरगुर येते. त्यातला ई एक सप्तक वर न्या, तीच कॉर्ड मोकळी होते. नवख्या रचनांमधला निम्मा गढूळपणा इथला असतो, उरलेला कॉर्ड बदलली तरी पेडल न बदलल्याचा.

रेकॉर्डिंग स्वतः वाजवलेलंच द्या, एखादी पट्टी चुकली तरी हरकत नाही. संगणकाकडून वाजवून घेतलं तर सगळे सूर एकाच वजनाचे येतात आणि लोक रचनेऐवजी त्या निर्जीवपणावर बोलत बसतात. डिजिटल पियानो असेल तर फोन समोर ठेवण्यापेक्षा हेडफोनच्या भोकातून केबलने रेकॉर्ड करा. सोबत स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) हवंच, कारण मुंबई-पुण्यात किंवा गोव्यात पाश्चात्त्य पद्धतीने शिकवणारे शिक्षक कागद बघितल्याशिवाय खोलात शिरत नाहीत. ते लिहायचं म्यूझस्कोअर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. पण त्यात मिडी फाइल (कोणती पट्टी कधी दाबली याची डिजिटल नोंद) थेट ओतू नका. तुमच्या बोटांची प्रत्येक बारीक उशीर-घाई त्यात उतरते आणि पान वाचवत नाही. हाताने लिहा.

कुणी एकाने नाक मुरडलं म्हणून लगेच बदलायला बसू नका. दोघा-तिघांनी, एकमेकांशी न बोलता, एकाच जागेवर बोट ठेवलं तर ती जागा उघडा. मात्र तिथे काय हवं हे त्यांनी सुचवलेलं बहुधा जुळत नाही. दुखणं ते बरोबर सांगतात, औषध तुम्हालाच शोधावं लागतं.

राहिली ढापाढापी. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे रचना केल्यावर हक्क आपोआप तुमचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. फक्त पुरावा हाताशी असू द्या: नोटेशन आणि रेकॉर्डिंग स्वतःलाच ईमेल करा आणि मग खुशाल ऐकवा.