हिरा आफ्रिकेतला, पण कोणत्या देशातला?

प्रश्न : मुलीच्या साखरपुड्यासाठी हिऱ्याची अंगठी करायची आहे. होणारे जावई म्हणतात, आफ्रिकेतल्या हिऱ्यांना रक्त लागलेलं असतं, लॅबमध्ये बनवलेलाच घेऊ. सराफ म्हणतात, हिऱ्याला रक्त लागलेलं नाही असं सांगणारं किंबर्ली सर्टिफिकेट आहे, काळजी करू नका. कोणाचं ऐकावं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : जावईबापूंची शंका रास्त आहे. नव्वदच्या दशकात सिएरा लिओन आणि अंगोलात बंडखोरांनी हिरे विकून शस्त्रं घेतली. सिएरा लिओनमध्ये तर साध्या गावकऱ्यांचे हात तोडले गेले. पण त्यावरून अख्ख्या आफ्रिकेच्या हिऱ्यांवर फुली मारली, की माझा जीव तुटतो. माझी उमेदीची वर्षं बोट्स्वानात, गाबोरोनी शहरात कच्चे हिरे निवडण्यात गेली.

कच्चा हिरा तुम्ही पाहिला तर उचलणारही नाही. तुरटीच्या खड्यासारखा धुरकट, वरून तेलकट झाक. मुंबईत आम्ही तो, थेट ऊन नको म्हणून, उत्तरेच्या उजेडात पारखायचो, तिथे दक्षिणेच्या. सूर्य तिकडे उत्तरेकडून फिरतो. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मुली तिथल्याच, त्सवाना. डोळ्याला लूप म्हणजे भिंग, हातात चिमटा, आणि रंग सांगण्यात माझ्याहून तरबेज. त्यांच्या आयांना शाळा मिळाली नव्हती, या शिकल्या त्या हिऱ्याच्या पैशावर.

बोट्स्वाना १९६६ साली स्वतंत्र झाला तेव्हा देशात डांबरी रस्ता होता जेमतेम बारा किलोमीटर. पुढच्याच वर्षी ओरापाला हिऱ्यांची खाण सापडली, तीही राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांच्या स्वतःच्या जमातीच्या भूमीत. त्याच वर्षी कायदा झाला, की जमिनीखालचं धन जमातीचं नाही, देशाचं. मला या माणसाबद्दल फार आदर आहे. पुढे ज्वानेंगची खाण निघाली. कालाहारी वाळवंटाच्या वाळूखाली दडलेल्या, हिरे असलेल्या दगडाचे बारीक कण वाळवीने वारुळांतून वर आणले होते, त्यावरून माग लागला. या खाणी चालवणाऱ्या कंपनीत सरकार आणि डी बीअर्स ही हिऱ्यांची बडी कंपनी यांची निम्मी-निम्मी भागीदारी आहे आणि नफ्यातला सुमारे ऐंशी टक्के वाटा सरकारकडे जातो. एड्सने देश पोखरला होता तेव्हा, २००२ पासून, रुग्णांना औषधं फुकट मिळू लागली.

सगळंच गोड नाही. कालाहारीतल्या सान या आदिवासी लोकांना सरकारने त्यांच्या भूमीतून हलवलं. सरकार म्हणालं, याचा हिऱ्यांशी संबंध नाही. अनेकांना ते पटलं नाही. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने सान लोकांच्या बाजूने निकाल दिला.

आता लॅबचा हिरा. तो खोटा नाही, स्वस्त आहे, सुरतेतही बनतो. पण त्याच्यामुळे खाणीतल्या हिऱ्याचा भाव पडला, आणि त्याचा फटका बोट्स्वानाला जबर बसला. देशाची निर्यात बव्हंशी हिऱ्यांचीच. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांना सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी जाहीर करावी लागली, कारण सरकारी दवाखान्यांत औषधं संपत आली होती.

किंबर्ली सर्टिफिकेटबद्दल सराफांना नीट विचारा. ते २००३ पासून आहे, पण फक्त कच्च्या मालाच्या सीलबंद खेपेसाठी. पैलू पाडलेल्या खड्यासोबत ते येत नाही. शिवाय त्यात अडवले जातात फक्त बंडखोरांचे हिरे. सरकारी सैनिकांनी लोकांना मारलं तर ते त्यात बसत नाही. झिम्बाब्वेतल्या मारांगे या हिऱ्यांच्या भागात नेमकं तेच झालं.

म्हणून विचारायचं ते हे : खडा कोणत्या देशातून निघाला, आणि ते लेखी देता का? सुरतेत अनेक देशांचा माल एकत्र होतो, त्यामुळे बरेच सराफ हात वर करतील. काही कंपन्या मात्र खाणीपासूनची नोंद ठेवतात. अशी नोंद असलेला बोट्स्वानाचा खडा मिळाला तर मी तो निःशंकपणे घेईन. बजेट कमी पडत असेल तर वजन कमी करा, पैलू उत्तम बघा. चमक पैलूवर असते. आणि नोंद कुठेच मिळाली नाही, तर लॅबचा घ्यायला माझी हरकत नाही. फक्त बिलावर तसं स्पष्ट लिहून घ्या.