आठवीतल्या मुलांची स्ट्रेंथ कशी ओळखायची? फिंगरप्रिंट टेस्ट करून घ्यावी का?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की शाळेत एक कंपनी येऊन गेली, बोटांचे ठसे घेऊन प्रत्येक मुलाचा रिपोर्ट देते म्हणाली आणि पालक पैसे भरायला तयार आहेत. मी पुण्यातच मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे ही मंडळी आमच्याकडेही येऊन गेलीत. आधी तेवढं संपवते. करू नका. ठशांच्या रेषा बाळ पोटात असतानाच तयार होतात आणि त्यावरून मुलगा गणितात पुढे जाईल का चित्रकलेत हे कळतं याला शास्त्रीय आधार नाही, रिपोर्ट कितीही रंगीत असू दे. तसंच ते व्हिज्युअल-ऑडिटरी वगैरे, म्हणजे हा बघून शिकणारा, तो ऐकून शिकणारा, असले 'लर्निंग स्टाइल'चे शिक्के. 2008 मध्ये काही मानसशास्त्रज्ञांनी यावरचा सगळा अभ्यास तपासला, तर मुलाची 'स्टाइल' बघून तसं शिकवल्याने जास्त येतं असा पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. हॉवर्ड गार्डनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचं नाव या रिपोर्टांमध्ये हमखास असतं, 1983 मध्ये बहुविध बुद्धिमत्तेची, म्हणजे बुद्धी एकच नसून अनेक प्रकारची असते अशी मांडणी केली ते, पण माझी थिअरी म्हणजे लर्निंग स्टाइल नव्हे हे ते स्वतःच सांगत आलेत.

आपल्याकडे 2016 पासून काही वर्षं दहावीला सरकारी कलचाचणी व्हायची, आठवत असेल. ती वाईट नव्हती, पण त्यातून मुख्यतः आवड कळायची, आणि आवड असणं आणि जमणं यात अंतर असतं, क्रिकेट आवडणारी निम्मी शाळा असते.

मग कळतं कशावरून, तर काम देऊन. आणि एकाच प्रकारचं काम देऊन नाही. आठवीला 'धारा विद्युत आणि चुंबकत्व' धडा आहे ना, त्यात मी खिळ्यावर तार गुंडाळून विद्युतचुंबक करायला देते, सामान तपकीर गल्लीत स्वस्तात मिळतं. प्रत्येक गटात एकाने बनवायचं, एकाने बिघाड शोधायचा, एकाने नोंदी ठेवायच्या, एकाने सातवीच्या वर्गात जाऊन समजावून सांगायचं, आणि पुढच्या प्रयोगाला कामं बदलायची म्हणजे वर्षभरात सगळ्यांच्या वाट्याला सगळं येतं. आता वाइंडिंगच्या तारेवर इनॅमल असतं, टोकं पॉलिश पेपरने घासल्याशिवाय करंट जातच नाही, आणि हे मी मुद्दाम सांगत नाही. बरीच मुलं सेल बदलत बसतात, मग बाई सेल खराब आहेत म्हणून ओरडतात. एखादाच शांतपणे एकेक गोष्ट वेगळी करून बघतो, आधी सेल, मग होल्डर, मग तार, आणि टोकापाशी येऊन थांबतो. हा मुलगा चाचणीत बऱ्याचदा पंधरा-सोळा मार्कांवरच अडकलेला असतो. मला जे बघायचं होतं ते मला तिथे दिसतं, मार्कांत ते कधीच दिसलं नसतं.

एक वही करा, प्रत्येकाला एक पान, आणि त्यात काय केलं तेवढंच लिहा. 'हुशार', 'क्रिएटिव्ह' असलं काही लिहू नका, 'भांडण झालं तेव्हा गटातली कामं परत वाटून दिली' असं लिहा. न सांगता काय करतो, बाकीची पोरं कुठल्या गोष्टीसाठी त्याच्याकडे जातात, कशात चुकलं तरी कंटाळत नाही, याकडे लक्ष ठेवा. वर्गाबाहेरचंही बघा. गणपतीच्या आधी नदीपात्रात ढोलाची प्रॅक्टिस चालते तिथे आमच्या शाळेतली मुलं असतात, वर्गात अक्षर न बोलणारा एक जण तिथे नव्या पोरांना हात धरून ठेका शिकवतो. मी त्याला गॅदरिंगची सगळी प्रॅक्टिस बघायला दिली, कोण कधी स्टेजवर, कोण मागे, आणि त्याने ती नीट सांभाळली. (भाषण मात्र अजूनही करत नाही, नको करू दे.)

पण ओळखून सोडून दिलं तर उपयोग नाही, आणि माझ्या मते इथेच आपण कमी पडतो. 2025 मध्ये 'नेचर'मध्ये एक अभ्यास आला, कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांवर. अवघड हिशोब ही मुलं तोंडी पटापट करतात, पण तसलंच गणित शाळेच्या पद्धतीने कागदावर आलं की अडतात, आणि शाळेतल्या हुशार मुलांचं बाजारातल्या हिशोबात उलटं होतं. म्हणजे एका जागची ताकद आपोआप दुसरीकडे जात नाही, कोणीतरी ती जोडून द्यावी लागते. तुमच्या वर्गात मार्केट यार्डात किंवा मंडईत घरचा गाळा असलेलं कोणी असेलच. टोमॅटोचा क्रेट केवढ्याला घेतला, किती नासले, मग किलोला काय भाव लावायचा हे त्याला आधी तोंडी सांगू दे, मग तेच फळ्यावर एकेक पायरी लिहायला लावा, शेकडा नफा-तोटा तिथूनच सुरू करा. पहिल्यांदा वेळ जातो, पोर्शन मागे पडतो, पडू दे.

कौतुक करताना पण 'किती हुशार आहेस' म्हणू नका. 1998 चा म्युलर आणि ड्वेक यांचा पाचवीच्या मुलांवरचा प्रयोग आहे, ज्यांच्या हुशारीचं कौतुक झालं त्यातली बरीच मुलं पुढे सोपं काम निवडायला लागली. 'तू टोकं तपासलीस म्हणून चाललं' एवढं पुरतं, आणि पुढच्या वेळी त्याला जरा अवघड बिघाड द्या.

कच्च्या विषयांचं काय, तर ते सोडायचे नाहीत, 35 च्या खाली जाऊन चालणार नाही हे सगळ्यांनाच माहितीय. पण त्यासाठी चित्रकलेचा आणि पीटीचा तास घेऊ नका हो. चांगली चित्रं काढणाऱ्या मुलीला एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांना बसवा, इंटरमिजिएटच्या ग्रेडवर दहावीला थोडे वाढीव मार्कही मिळतात, पालकांना हे सांगितलं की त्यांचा विरोध बराच मऊ होतो. जीवशास्त्राच्या आकृत्या वर्गासाठी तिच्याकडूनच फळ्यावर काढून घ्या, नावं देता देता तिचा धडा पाठ होतो.

आणि वर्षाच्या शेवटी ती वही नववीच्या वर्गशिक्षकांकडे द्या, नाहीतर जूनमध्ये सगळं पहिल्यापासून. देण्याआधी एकदा चाळून घ्या आणि कुठे 'आळशी', 'गुणी' असं काही लिहिलं गेलं असेल तर खोडून टाका.