लिंकन जिथे पुरले आहेत त्या सँगमन काउंटीत आणखी कोणते राजकारणी दफन आहेत?

इलिनॉयमधल्या सँगमन काउंटीत स्प्रिंगफील्ड हे राजधानीचं शहर आहे. तिथल्या ओक रिज दफनभूमीपासून सुरुवात करा, बरीच नावं एकाच आवारात सापडतील.

अब्राहम लिंकन यांचा दफनविधी इथे 4 मे 1865 रोजी झाला. 1876 मध्ये चोरांनी त्यांचा मृतदेहच पळवायचा प्रयत्न केला होता! म्हणून 1901 साली शवपेटी जमिनीत खोल पुरून वर काँक्रीट ओतलं. पत्नी मेरी आणि तीन मुलगे इथेच आहेत. थोरला रॉबर्ट, जो पुढे युद्धमंत्री झाला, तो मात्र वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीत.

पण फक्त लिंकनची समाधी बघून परतू नका. त्यांचे वकिलीतले पहिले भागीदार जॉन स्टुअर्ट याच दफनभूमीत आहेत. 1838 च्या अमेरिकी काँग्रेसच्या (संसदेच्या) निवडणुकीत त्यांनी लिंकनचे राजकीय प्रतिस्पर्धी स्टीफन डग्लस यांना अगदी थोडक्या मतांनी हरवलं होतं. शेवटचे भागीदार विल्यम हर्नडन हेही इथेच. ते स्प्रिंगफील्डचे महापौर होते. इलिनॉयचे गव्हर्नर आणि मग 30 वर्षं सिनेटर राहिलेले शेल्बी कलम, तसंच काँग्रेस सदस्य आणि अमेरिकी यादवी युद्धातले सेनापती मॅक्क्लर्नंड यांच्याही कबरी आहेत. मला स्वतःला स्टुअर्ट आणि हर्नडन सर्वांत मोलाचे वाटतात, कारण लिंकनना घडताना त्यांनी जवळून पाहिलं.

डग्लस मात्र इथे नाहीत, त्यांची समाधी शिकागोत, म्हणजे कुक काउंटीत आहे.