नकार ऐकायची सवय

“पोरगं बिघडलं काय हो मॅडम?”

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच आईंनी विचारलं. मुलगा एकोणीस वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. वडिलांचं मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान. सौद्यांचा हंगाम असल्यामुळे ते आले नव्हते. “आमचं ऐकत नाही, तुम्हीच सांगा त्याला,” एवढा निरोप त्यांनी बायकोबरोबर पाठवला होता.

घडलं होतं ते असं. शनिवारची रात्र, साडेअकरा वाजलेले. खोलीत हा, दोन मित्र आणि वर्गातली एक मैत्रीण. आई पाण्याचा तांब्या ठेवायला गेल्या, तेव्हा मुलगा म्हणत होता, “विचारलं रे तिला! सगळ्यांसमोर हाकललं मला!” आणि चौघंही पोट धरून हसत होते. लॅपटॉपवर सापांचे केस असलेली एक बाई आणि शिंगं असलेला एक तांबडालाल पोरगा.

“प्रेमाचा कधी खेळ असतो काय? आणि तो शिंगवाला... तो तर मुलगाच होता ना हो?” शेवटचं वाक्य त्यांनी फरशीकडे बघत म्हटलं.

सांगलीत विश्रामबागेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हीच काळजी मी इतक्या वेळा ऐकली आहे, की आता ती लिहूनच काढावी असं वाटलं. कोणी रागानं विचारतं, कोणी कुजबुजत. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत आणि त्या घरातल्या तिघांना विचारूनच हे लिहिते आहे.

खेळ मला माहीत नव्हता, म्हणून तो त्या मुलाकडूनच शिकले. पालकांनाही माझा हाच आग्रह असतो. मुलांच्या एखाद्या गोष्टीवर मत द्यायचं असेल, तर आधी ती त्यांच्याकडून समजून घ्या.

खेळाचं नाव मॉन्स्टर प्रॉम. बार्सिलोनाच्या ब्युटिफुल ग्लिच या छोट्या कंपनीनं बनवलेला, एप्रिल २०१८मध्ये आलेला. राक्षसांची एक शाळा, आणि शेवटच्या समारंभाला, म्हणजे प्रॉमला, तीन आठवडे उरलेले. तेवढ्यात सहा जणांपैकी एकाला जोडीदार म्हणून राजी करायचं. त्यात व्हॅम्पायर आहे, भूत आहे, जलपरी आहे, लांडगा होणारा पोरगा आहे. एक ते चार जण खेळतात, एकाच संगणकावर किंवा ऑनलाइन. आधी पाळी कोणाची, हे ठरवायला विचित्र प्रश्न येतात आणि त्यावरून चौघं मनसोक्त वाद घालतात. हुशारी, धाडस, मोहकपणा असे गुण वाढवत न्यायचे आणि शेवटी विचारायचं. पुष्कळदा उत्तर येतं, ‘नाही’. एक डाव तासाभरात आटपतो. विनोद मोठ्यांचे आहेत, थोडे वाह्यातही आहेत. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या हाती मी हा खेळ देणार नाही. पण हा मुलगा एकोणीस वर्षांचा होता.

शिंगवाल्याबद्दल मी आईंना सरळ सांगितलं. “ताई, यात कोणीही कोणालाही विचारू शकतं. त्यावरून तुमच्या मुलाविषयी काहीही ठरत नाही. आणि उद्या त्याला स्वतःबद्दल काही सांगावंसं वाटलं, तर घरात ते सांगता येईल ना, एवढंच बघा.” त्यांनी मान हलवली. पटलं असं नाही, पण ऐकलं.

मग मुलाशी एकट्याशी बोलले. चार भेटींतलं बोलणं इथे चार ओळींत मांडते.

“गेममध्ये नाही म्हटलं की काय करतोस?”

“हसतो. परत सुरू करतो.”

“आणि वर्गात?”

बराच वेळ तो पेनाचं टोपण काढत-लावत राहिला. मग म्हणाला, “वर्गात मी कोणाला काही विचारतच नाही.”

अकरावीत असताना त्यानं एका मुलीला मेसेज पाठवला होता, साधाच, ‘तुझ्याशी बोलायला आवडेल.’ संध्याकाळपर्यंत त्या मेसेजचा फोटो वर्गाच्या ग्रुपवर फिरला. तेव्हापासून मुलींचं सोडाच, तास चालू असताना त्यानं शिक्षकांनाही शंका विचारलेली नव्हती. इंजिनिअरिंगला दोन विषय राहिले, त्याचं खापर घरी गेमवर फुटलं होतं. खरं तर प्रॅक्टिकलला अडलं तरी तो विचारत नव्हता, म्हणून विषय राहिले होते.

आता माझ्या ध्यानात आलं की शनिवारी रात्री हा मुलगा सराव करत होता. ज्यांच्यासमोर लाज वाटत नाही अशा तिघांसमोर तो दर आठवड्याला नकार घेत होता.

मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर वाढलेली समुपदेशक आहे. एकोणिसाव्या वर्षी एलिस मुलींशी बोलायला विलक्षण घाबरायचे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स बॉटॅनिकल गार्डनमध्ये ते महिनाभर रोज गेले आणि बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की शेजारी जाऊन बसले. अशा १३० जणी. तीस जणी लगेच उठून गेल्या. उरलेल्या शंभर जणींशी ते बोलले. एकीनं भेटायचं कबूल केलं आणि तीही आली नाही. पण कोणी पोलीस बोलावले नाहीत, आकाश कोसळलं नाही आणि त्यांची भीती गेली. हे मी मुलाला सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा मोकळा हसला. “म्हणजे त्यांनी १३० डाव खेळले!”

पाचव्या भेटीला मी दोघांना एकत्र बोलावलं आणि त्याला लॅपटॉप आणायला सांगितला. ही कल्पना माझीच आणि तिच्याबद्दल मला आजही समाधान वाटतं. म्हटलं, “आज आई खेळतील. तू फक्त वाचून दाखव.”

आईंनी आधी पदर सावरला, मग चष्मा. ‘डबा खायला कोणाजवळ बसायचं’ यावर त्या खरंच विचार करू लागल्या. त्यांनी व्हॅम्पायर निवडला, “हा जरा शिकलेला दिसतोय” म्हणून. तासाभरानं त्यांनी त्याला प्रॉमसाठी विचारलं. त्यानं नकार दिला.

मुलगा हसायला लागला आणि एकदम थांबला, कारण आई हसत नव्हत्या. स्क्रीनकडे बघत त्या म्हणाल्या, “मलाही सहा ठिकाणांहून नाही आलं होतं.”

“काय नाही आलं?”

“स्थळं रे. तुझ्या बाबांच्या आधी सहा जण बघून गेले. मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर यायची, ते नाव विचारायचे, गाऊन दाखव म्हणायचे. मग आठ दिवसांनी पत्र यायचं, पत्रिका जुळत नाही. एकानं तर तोंडावर सांगितलं, मुलगी काळी आहे.”

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. पुढचा प्रश्न मुलानं विचारला आणि तो मी विचारला नाही याचं मला आजही बरं वाटतं.

“मग तू काय करायचीस?”

“काय करणार? दुसऱ्या दिवशी शिवणक्लासला जायची. ब्लाउज शिकायचे होते.”

त्या पोरानं आईकडे जे पाहिलं, ते मला विसरता येत नाही. ही गोष्ट त्यानं कधी ऐकली नव्हती. ऐकणार कशी? आपल्या घरांतून लग्न ‘जमलं’ एवढंच सांगतात, मोडलेली बोलणी पेटीत जातात. मुलाला वाटतं, नाकारला गेलेला या घरात आपण एकटेच.

आपल्याच सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर या नाटकाचा खेळ केला. त्या कथेतही शिवधनुष्य न उचलता आलेले राजे भर दरबारातून परत गेलेच की. सोंग घेऊन मोठमोठ्या गोष्टी सोसायला शिकणं या गावाला नवं नाही.

मात्र एका गोष्टीवर मी मुलाला अडवलं. या खेळात गुण साठवले की होकार मिळण्याची शक्यता वाढते. माणसांचं तसं नसतं. मी इतकं केलं, आता तिनं हो म्हणायलाच हवं, हा हिशेब डोक्यात शिरला की एकतर्फी प्रेमाचं विष तयार होतं. त्याला विचारलं, “खऱ्या मुलीनं नाही म्हटलं तर परत सुरू करायचं?” तो म्हणाला, “नाही मॅडम. तिथं डाव संपतो. आपण दुसरीकडे बसायचं.”

मग काळजी कधी करावी? जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात २०२२पासून गेमिंगचा विकार आहे, पण त्याच्या खुणा स्पष्ट आहेत. खेळावर ताबा न राहणं, झोप, जेवण, अभ्यास, माणसं यांच्याआधी खेळ येणं, नुकसान दिसत असूनही तो न थांबणं आणि हे साधारण बारा महिने चालणं. आठवड्यातून एकदा ओळखीच्या मित्रांबरोबर हसत खेळणारा मुलगा यात बसत नाही. दार लावून एकटाच खेळणारा, पैसे लपवून खर्च करणारा, हरल्यावर वस्तू फेकणारा मुलगा असेल, तर जरूर या. वेळेची शिस्तही हवीच. या घरात रात्री साडेदहाला डाव बंद, असं ठरलं आणि ते मुलानंच ठरवलं.

आणि जेवताना ‘बंद कर ते’ म्हणण्याऐवजी विचारा, “आज कोणाला विचारलंस? काय म्हणाली?” नंतर तुम्हाला कोणी, कधी नाही म्हटलं होतं, तेही सांगा. वडिलांनी तर आवर्जून सांगावं. हळदीचा सौदा फिसकटल्याचं ते रोज सांगतात, मग हेही सांगायला काय हरकत आहे?

शेवटच्या भेटीत मुलगा म्हणाला, “मुलीला वगैरे काही विचारलं नाही मॅडम. पण तासाला सरांना शंका विचारली. सर म्हणाले, हे मागच्या तासाला झालंय. सगळे हसले.”

“मग?”

“मग खाली बसलो. तास संपल्यावर स्टाफरूममध्ये गेलो आणि परत विचारली.”